गळा, गिटार आणि मधले वीतभर अंतर

गिटार वाजवीत गाणाऱ्या हौशी कलावंताने घरी ध्वनिमुद्रण करायचे तर कोणती साधने घ्यावीत, हा प्रश्न विज्ञानाचे विद्यार्थी मला वरचेवर विचारतात. वसतिगृहाच्या दर मजल्यावर आज एखादी तरी गिटार असते, तिच्यासोबत गाणारे कोणीतरी असते, आणि ते गाणे टिकून राहावे अशी इच्छाही असते. या इच्छेपुढे बाजार वस्तूंच्या याद्या ठेवतो. याद्या दर सहा महिन्यांनी बदलतात. एखादे साधन योग्य का ठरते याची कारणे मात्र फार जुनी आहेत, आणि ती ठाऊक नसल्यामुळे अनेक जण चांगला माइक हाती येईपर्यंत काही मुद्रितच करीत नाहीत. तोवर शिक्षण संपते, वसतिगृह सुटते, सोबत गाणारी मंडळी पांगतात. म्हणून येथे यादीऐवजी इतिहास सांगतो. काय घ्यावे ते त्यातूनच निघेल.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करीत होते, तेव्हा त्या खोलीत माइक नव्हता. होता तो कर्णा. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली कोरणी आणि कोरणीखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी, एवढीच ती यंत्रणा. ध्वनीचे विद्युत वर्धन तिच्यात नव्हते. मेण कोरण्यासाठी लागणारी सगळी ऊर्जा गायिकेच्या गळ्यातूनच यावी लागे. साध्या बोलण्यातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती दहा-वीस मायक्रोवॅटच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्ण्यापुढे आवाज का चढवावा लागे ते कळते. गाणाऱ्याचे तोंड कर्ण्याच्या तोंडाशी, साथीदार मागे, आणि गाणे तीनेक मिनिटांत संपवायचे. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगतात, ते या तबकड्या ऐकणाऱ्यांना ठाऊक असेलच. तबकड्या दाबण्याचा कारखाना जर्मनीत हॅनोव्हरला होता. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

या व्यवस्थेत गिटारला मानाचे स्थान मिळणे कठीण होते. तिची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर कंप पावते, आणि कर्णा खालच्या स्वरांना जवळजवळ बहिरा. वरच्या बाजूलाही अडीच हजार हर्ट्झच्या पुढे फारसे काही उरत नसे. टणत्कारी आवाजाचा बँजो त्यातून तरून गेला, गिटार मागे पडली. गळा आणि गिटार एकाच माणसाच्या असल्या तरी ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र उगम आहेत. एक दुसऱ्याहून बराच मोठा, आणि दोहोंमध्ये दोन वितींचे अंतर. घरी मुद्रण करणाऱ्याची मूळ अडचण हीच आहे, आणि ती तेव्हापासूनची आहे.

त्या काळातील आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एडिसनच्या यंत्रावर तबकडीऐवजी मेणाचे सिलिंडर बसे, आणि ते यंत्र ऐकवण्याबरोबर मुद्रणही करू शके. कोरे सिलिंडर आणून घरातील कोणीही त्यावर गावे, नको असेल तर वरचा थर तासून पुन्हा गावे, अशी सोय होती. कोलकात्याचे हेमेंद्रमोहन बोस हे कुंतलीन केशतेलाचे निर्माते. सायकली, अत्तरे, छापखाना अशा अनेक उद्योगांबरोबर त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिलिंडरवर ध्वनिमुद्रणे केली, आणि त्यांत रवींद्रनाथांचा आवाजही होता. तबकडीचे तंत्र वेगळे होते. मूळ तबकडीवरून धातूचा साचा करून हजारो प्रती दाबता येत, पण त्यासाठी कारखाना लागे. १९०८ पासून असा कारखाना कोलकात्यातच सुरू झाला. तबकडी स्वस्त होती, टिकाऊ होती, साठवायला सोपी होती. ती जिंकली, आणि तिच्याबरोबर घरातील माणसाची मुद्रण करण्याची शक्ती गेली. पुढची कित्येक दशके तो केवळ श्रोता राहिला.

मधल्या काळात मुद्रणाचे भौतिकशास्त्र आमूलाग्र बदलले. १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर माइक बनवला. ताणून बसवलेला धातूचा पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी मिळून एक धारित्र तयार होते; पडदा हलला की धारिता बदलते आणि तो बदल विद्युतदाबाच्या रूपात वाचता येतो. निर्वात नळीच्या वर्धकाशी या माइकची जोडी जमली आणि १९२५ पासून तबकड्या विजेच्या साहाय्याने कोरल्या जाऊ लागल्या. मेण कोरण्याची ऊर्जा आता वर्धक पुरवी. गाणाऱ्याने फक्त माहिती पुरवायची. कुजबुजल्यासारखे गाणे शक्य झाले आणि गिटारही ऐकू येऊ लागली.

गिटार घेऊन एकट्याने गाणाऱ्यांची पहिली थोर मुद्रणे याच काळातील आहेत, आणि त्यांतील काही स्टुडिओत झालेलीच नाहीत. १९३३ मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन हे सुमारे १४० किलो वजनाचे तबकडी-मुद्रक यंत्र मोटारीत घालून अमेरिकेच्या दक्षिणेत फिरले आणि लुइझियानातील अँगोला तुरुंगात लेडबेली यांना त्यांनी प्रथम मुद्रित केले. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलातील एका खोलीत रॉबर्ट जॉन्सन यांनी गिटारवर गाणी म्हटली. ते खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसले होते अशी कथा आहे. लाजाळूपणा हे तिचे नेहमीचे स्पष्टीकरण. गिटारवादक राय कूडर यांनी वेगळा तर्क मांडला: भिंतींच्या कोपऱ्यात ध्वनी परतून एकवटतो, मधले स्वर उठून येतात, आणि तो परिणाम जॉन्सन यांना हवा असावा. हा तर्कच आहे. पण खोली हेही एक साधन आहे, हे त्यातून निदान आठवते.

माइकच्या इतिहासातील पुढची पायरी घरी मुद्रण करणाऱ्याच्या फार जवळची आहे. सुरुवातीचे बहुतेक माइक सर्व दिशांनी सारखेच ऐकत. १९३९ मध्ये शुअर कंपनीच्या बेंजामिन बाउअर यांनी युनिडाइन हा माइक आणला. त्यात एकाच कुपीत अशी रचना होती की मागून येणारा ध्वनी पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोचून स्वतःलाच रद्द करी. संवेदनेचा आलेख काढला तर तो हृदयाच्या आकाराचा येतो, म्हणून या वर्गाला हृदयाकृती माइक म्हणतात. त्याच घराण्यातील एसएम५७ हा माइक १९६५ मध्ये आला आणि तो आजही तसाच विकला जातो. साठ वर्षे बाजारात टिकलेल्या वस्तूविषयी संशोधकाला आदर वाटतो.

हृदयाकृती माइकला एक खोड आहे. तो केवळ हवेचा दाब मोजत नाही, दाबातील फरकही मोजतो, आणि उगमाच्या अगदी जवळ खालच्या स्वरांसाठी हा फरक भलताच वाढतो. आदर्श हृदयाकृती माइक १०० हर्ट्झचा स्वर ५ सेंटिमीटरवरून सुमारे १५ डेसिबलने फुगवून ऐकतो. तेच २० सेंटिमीटरवर फुगवटा साडेचार डेसिबलपर्यंत उतरतो. आकाशवाणीच्या निवेदकांचा भारदस्त आवाज काही अंशी याच खोडीतून येतो. गिटारच्या बाबतीत मात्र ती नडते. गिटारच्या भोकामागील हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. नवशिका माइक नेमका भोकासमोर चिकटवतो, दोन्ही परिणामांची बेरीज होते आणि मुद्रणात ढोलासारखा घुमारा येतो. बाराव्या पडदीच्या समोर, वीतभर ते दीड वीत अंतरावर माइक ठेवण्याचा जो सल्ला जुने ध्वनिमुद्रक देतात, त्याचे कारण हे आहे.

घरातील माणसाला मुद्रणाची शक्ती परत मिळाली ती चुंबकीय फितीमुळे, आणि खऱ्या अर्थाने १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेल्या कॅसेटमुळे. भारतात हा बदल मोठा होता. तबकडीच्या काळात कोणाचे गाणे मुद्रित व्हावे हे प्रामुख्याने एका कंपनीच्या हाती होते. सत्तरीच्या अखेरीस आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांबरोबर टू-इन-वन घरोघर आले, आणि ऐंशीच्या दशकात छोट्या कंपन्यांनी प्रादेशिक गाण्यांच्या कॅसेटींनी बाजार भरून टाकला. माझ्या पिढीच्या आधीच्यांना टू-इन-वनवरची लाल कळ आठवत असेल. ती आणि शेजारची, अशा दोन कळा एकदम दाबल्या की आजीच्या गाण्यापासून मुलांच्या बडबडीपर्यंत काहीही फितीवर उतरे. त्या यंत्रात एक लहानसा माइक दडलेला असे. त्याच्याकडे पुढे वळू.

१९७९ मध्ये टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र काढले. साधी कॅसेट दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, फिरवून तिच्यावर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करण्याची त्यात सोय होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन तेव्हा अमेरिकेतील अग्रगण्य रॉक गायक होते. १९८१ च्या अखेरीस आणि १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात, झोपण्याच्या खोलीत, त्यांनी हे यंत्र आणि दोन एसएम५७ माइक घेऊन काही गाणी मुद्रित केली. उद्देश एवढाच, की साथीदारांना गाण्यांचा कच्चा नमुना ऐकवावा. गळा आणि गिटार आधी, मग उरलेल्या पट्ट्यांवर हार्मोनिका किंवा दुसरा आवाज. शेवटी सगळ्याचे मिश्रण प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रातून काढून साध्या कॅसेट रेकॉर्डरवर. ती कॅसेट काही आठवडे त्यांच्या खिशात डबीशिवाय फिरत होती. पुढे मोठ्या स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह तीच गाणी मुद्रित करण्याचे प्रयत्न झाले, आणि ते फसले. तांत्रिक दृष्ट्या सरस, पण गाण्याचा प्राण हरवलेला. शेवटी खिशातल्या कॅसेटवरूनच तबकडी करण्याचे ठरले. फितीवरील ध्वनीची पातळी इतकी कमी आणि खरखर इतकी की त्यावरून तबकडी कोरताना तंत्रज्ञांची दमछाक झाली. ३० सप्टेंबर १९८२ रोजी ‘नेब्रास्का’ या नावाने हा संग्रह प्रसिद्ध झाला.

या प्रसंगाचा अर्थ अनेकदा ‘साधने महत्त्वाची नसतात, भावना महत्त्वाची’ असा लावला जातो. मला तो पटत नाही. त्या खोलीतील साधने अतिशय नेमकी होती. दोन दिशाग्राही माइक, जवळून धरलेले. एक माणूस, दोन उगम. आणि चुकले तर लगेच पुसून पुन्हा गाता येईल असे यंत्र. मोठ्या स्टुडिओतील मोजकी, महागडी मिनिटे तेथे नव्हती. साधनांची निवड त्या गाण्यासाठी योग्य होती, म्हणून ती दिसेनाशी झाली.

तरीही दोन माइकांत एक सापळा आहे, आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो स्वतः गणित करून पाहावा. समजा, गळ्याचा माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि गिटारचा माइक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर. गळ्याचा आवाज दोन्हीकडे पोचतो, पण दुसरीकडे ४५ सेंटिमीटर जास्त चालून, म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही पट्टे एकत्र केले की ३८० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींच्या विरुद्ध कलेत येतात; मग तिप्पट, पाचपट कंपनसंख्यांवर पुन्हा तेच. आलेखावर कंगव्याच्या दातांसारख्या खाचा दिसतात आणि कानाला आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. दुसरा माइक पहिल्याच्या निदान तिप्पट अंतरावर असावा, या जुन्या नियमाचे मूळ येथे आहे: अंतर तिप्पट झाले की दुसरीकडे पोचणाऱ्या लहरीची उंची तिसऱ्या हिश्शावर येते आणि खाचा उथळ होतात. वरच्या उदाहरणात अंतर चौपट आहे, म्हणून ते चालून जाते. माइक हातभर इकडेतिकडे झाले की चालत नाही.

हा सापळा टाळण्याचा एक सुंदर मार्ग १९३१ मध्येच सुचलेला होता. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी स्टीरिओ ध्वनीच्या आपल्या पेटंटमध्ये दोन दिशाग्राही माइक एकाच बिंदूवर, एकमेकांशी कोन करून, बसवण्याची कल्पना मांडली. दोघांना ध्वनी एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे कलेचा झगडाच उरत नाही. या पद्धतीचे एक फळ भारतीय वाचकाला जवळचे वाटावे. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एका चॅपेलमध्ये विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार कवी अलेक्झांडर यांनी अशा माइकजोडीवर मुद्रित केली. कूडर म्हणजे कोपऱ्याचा तर्क लढवणारे तेच. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या त्या संग्रहाला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मोजके माइक, योग्य जागी, आणि उरलेले काम चॅपेलच्या घुमाऱ्याने केलेले.

आता टू-इन-वनमध्ये दडलेल्या माइककडे येऊ. वेंट यांच्या कंडेन्सर माइकला पडद्यावर विद्युतभार राखण्यासाठी बाहेरून मोठा विद्युतदाब द्यावा लागे, म्हणून तो महाग आणि अवजड होता. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पदार्थ असू शकेल, अशी कल्पना ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८५ मध्ये मांडून त्याला ‘इलेक्ट्रेट’ हे नाव दिले होते. जपानचे मोतोतारो एगुची यांनी कार्नोबा मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून तो प्रत्यक्ष बनवला. पण मेणाच्या इलेक्ट्रेटचा भार दमट हवेत ओसरून जाई. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात भार साठवला, आणि तो वर्षानुवर्षे टिकला. कंडेन्सर माइक एकदम नखाएवढा आणि स्वस्त झाला. कॅसेट रेकॉर्डर, दूरध्वनी, श्रवणयंत्रे, कॉलरला लावायचे माइक, सगळीकडे तो पोचला. आजच्या मोबाइलमधील सिलिकॉनचा माइकही तत्त्वतः त्याच कंडेन्सर कुळातला आहे. टू-इन-वनचा आवाज वाईट येई तो बहुधा माइकमुळे नव्हे. यंत्र ध्वनीची पातळी आपोआप वरखाली करी, मोटारीची घरघर शेजारीच असे, आणि माइक गाणाऱ्यापासून पाच फुटांवर टेबलावर पडलेला असे.

स्टुडिओतील कंडेन्सर माइकला लागणारा दाब मात्र तारेतूनच यावा अशी सोय झाली. त्याचा ४८ व्होल्ट हा आकडा विद्यार्थ्यांना गूढ वाटतो. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी माइक तयार केले, आणि तेथील स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच वापरला गेला आणि पुढे जगाचे मानक ठरला. आज घरगुती ऑडिओ इंटरफेसवर ४८ अशी खूण असलेली कळ दिसते, ती या नॉर्वेच्या दिव्यांची वारस आहे.

येथे एका समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. ‘कंडेन्सर माइक फार संवेदनशील असतो, तो शेजारचा गोंगाट पकडतो, घरी डायनॅमिकच हवा’ असे सर्रास सांगितले जाते. संवेदनशीलता म्हणजे दिलेल्या ध्वनिदाबाला मिळणारा विद्युतदाब. तो गाण्यासाठी वाढतो तसाच पंख्याच्या घरघरीसाठीही वाढतो. दोहोंचे गुणोत्तर जागच्या जागी राहते. डायनॅमिक माइक कमी गोंगाट पकडतो असे वाटते, कारण माणूस त्याच्या अगदी जवळ जाऊन गातो. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि गोंगाट तेवढाच राहतो. गुण अंतराचा आहे, श्रेय माइकला मिळते.

अंकीय मुद्रणाविषयी थोडक्यात. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ बिटांत कागदावर १४४. प्रत्यक्षात इतका पल्ला मिळत नाही, कारण १५० ओमच्या साध्या रोधातही खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनांच्या उष्ण हालचालीमुळे सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्टची खरखर असते. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवलेली ही मर्यादा कोणतीही कंपनी ओलांडू शकत नाही. तरी २४ बिट घ्यावेत, ते निश्चिंतपणासाठी. पातळी कमाल मर्यादेच्या १२ ते १८ डेसिबल खाली ठेवून गाता येते आणि एखादी तान चढली तरी आवाज फाटत नाही. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या वर जाण्याची घरी गरज नाही. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये संगणकाकडून फिरून उशिरा येत असेल, तर इंटरफेसवरची थेट ऐकण्याची कळ वापरावी. एवढे पुरे.

खरा प्रश्न खोलीचा आहे, आणि त्याचे उत्तर माइकच्याही आधी सापडले होते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नवे व्याख्यानगृह उघडले आणि त्यात कोणाचेच बोलणे कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. ते सुधारण्याचे काम भौतिकशास्त्र विभागातील तरुण अध्यापक वॉलेस सॅबाइन यांच्याकडे आले. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, ही नोंद माझ्यासारख्याने जरा नमूनच करावी. रस्त्यावरची ट्राम थांबली की मध्यरात्रीनंतर ते ऑर्गनची नळी वाजवीत, कालमापक घेऊन घुमारा विरण्याचा वेळ मोजत. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणत, त्या मांडून पुन्हा मोजत, आणि सकाळपर्यंत परत नेऊन ठेवत. यातून निघालेले सूत्र असे: घुमाऱ्याचा काळ म्हणजे खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले खोलीतील एकूण शोषण. शोषणाचे एकक त्यांनी उघडी खिडकी धरली होती, कारण खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

आपल्याकडची एक खोली घेऊ. ३ मीटर रुंद, ३.५ मीटर लांब, ३ मीटर उंच; गिलावा केलेल्या भिंती, लादी, वर सिमेंटचे छत. घनफळ ३१.५ घनमीटर, पृष्ठभाग ६० चौरस मीटर. असे कडक पृष्ठभाग ध्वनीचे शंभरातले साधारण चार भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण २.४ चौरस मीटर आणि घुमारा २.१ सेकंद. आता एक अंतर काढता येते, ज्याच्या पलीकडे थेट आवाजापेक्षा खोलीतून परतलेला आवाज मोठा होतो. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकसाठी या खोलीत ते अंतर २२ सेंटिमीटर येते. बरोबर एक वीत. त्यापलीकडे ठेवलेला माइक, तो कितीही किमतीचा असो, गायकाऐवजी भिंतींचेच ध्वनिमुद्रण अधिक करतो. हृदयाकृती माइकसाठी ते अंतर ३८ सेंटिमीटर.

त्याच खोलीत दोन गाद्या भिंतींना उभ्या केल्या, दारावर जाड पांघरूण टाकले, कपड्यांचे कपाट उघडे ठेवले आणि आणखी ५ चौरस मीटर शोषण मिळवले, तर घुमारा ०.७ सेकंदावर उतरतो आणि हृदयाकृती माइकची मर्यादा ६७ सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे गळा आणि गिटार या दोघांना एकाच माइकने, दोन-अडीच वितींवरून, एकत्र पकडणे शक्य होते. कंगव्याच्या खाचांचा सापळाच उरत नाही. लहान खोलीत खालच्या स्वरांना हे सूत्र नीट लागू पडत नाही. तेथे खोलीचे स्वतःचे अनुनाद असतात, म्हणून खोलीच्या नेमक्या मध्यभागी बसू नये आणि माइक पाऊलभर हलवून पाहावा. वरच्या स्वरांसाठी मात्र गाद्यांचा हिशेब खरा उतरतो. टाळीने तो तपासता येतो.

तेव्हा काय घ्यावे? मी सुचवीन तो क्रम असा. प्रथम हाताशी असलेला मोबाइल आणि अंथरुणे. मोबाइल टेबलावर न ठेवता छातीच्या उंचीवर टेकवावा, गाणाऱ्यापासून दोन वितींवर. मग बंद कानांचे हेडफोन. मग माइकचा स्टँड, ज्यावर लोक सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी खर्च करतात, आणि ज्याच्याशिवाय अंतराचा सगळा वरचा हिशेब व्यर्थ आहे. त्यानंतर दोन माइक जोडता येतील असा यूएसबी इंटरफेस आणि एकच हृदयाकृती माइक. खोली गाद्यांनी शांत करता येत असेल तर लहान पडद्याचा कंडेन्सर, येत नसेल तर एसएम५७ च्या जातीचा डायनॅमिक, जवळून गाण्यासाठी. थेट संगणकाला जोडायचे यूएसबी माइक वाईट नसतात, पण दुसरा माइक जोडायची वेळ आली की वाट बंद होते. मुद्रणासाठी ऑडॅसिटीसारखी आज्ञावली फुकट मिळते. पंखा बंद करावा. त्याचा आवाज एक वेळ सोसेल, पण त्याचा वारा पडद्यावर आदळून जी घरघर उठते ती नंतर काढता येत नाही. सॅबाइन यांची वेळ निवडावी, मध्यरात्रीनंतरची, किंवा पहाटेची, पहिल्या कुकरच्या शिटीपूर्वीची.

मुद्रण झाले की मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, संकोचन न करता, निदान दोन जागी ठेवावी आणि नावात तारीख घालावी. हेमेंद्रमोहन बोस यांच्या सिलिंडरांपैकी फार थोडी आज उरली आहेत. मेणाला बुरशी लागते. मोबाइल हरवतो, किंवा त्याची जागा संपते आणि जुन्या फाइली पुसल्या जातात.